दोन चांगल्या गोष्टी आणि एक प्रश्न

२ मार्च

आदरणीय टेलिफोनबाई यांना नमस्कार,

शनिवारच्या फोनवरच्या लिहिण्याच्या वर्गात मास्तरांनी जोड्या लावल्या, त्यात तुम्ही माझ्या वाट्याला आलात का मी तुमच्या, ते तुम्हीच ठरवा. मास्तर म्हणाले, एकमेकांच्या लिखाणाखाली फोनवर अंगठे आणि बदाम चिकटवायचे नाहीत. नीट वाचायचं आणि तारीख घालून सरळ पत्र लिहून फोनवर पाठवायचं. खरी नावं नकोत, कामाच्या नावाने हाक मारायची. पत्रात दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, एक प्रश्न विचारायचा, सल्ला द्यायचा नाही. हे तुम्हीही ऐकलंय, तरी लिहितोय. मी सातवीत शाळा सोडली, लिहिल्याशिवाय नियम माझ्या डोक्यात थांबत नाहीत.

तुमचं ‘स्विचबोर्डवरची एकतीस वर्षं’ दोनदा वाचलं. फार छान आहे. पहिली चांगली गोष्ट, कुठेही चूक सापडली नाही. दुसरी चांगली गोष्ट, एवढ्या मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं तुम्ही प्रत्येक फोन ज्याचा त्याला जोडून दिलात आणि एकही दांडी मारली नाही. प्रश्न: तुमची तब्येत कशी आहे?

सोबत माझं ‘दादाचा हात’ पाठवतोय. मी घरापासून फार लांब, एका मोठ्या धुलाई कारखान्यात आहे. इस्पितळांच्या चादरी धुतो आणि गरम रोलरमधून काढतो. दुपारी पाळी सुटते तेव्हा हात खांद्याला नुसते टांगल्यासारखे असतात. खोलीत आम्ही चौघं. माझी खाट वरची, छत इतकं जवळ की बसता येत नाही, म्हणून कुशीवर पडून लिहितो. लिखाणही जरा कुशीवर कललेलं वाटलं तर समजून घ्या.

शेवटच्या वर्गाला प्रत्येकाने आपलं लिखाण वाचून दाखवायचं आहे आणि घरच्यांनाही फोनवरून ऐकता येणार आहे. मी वहिनीला सांगून टाकलं. ती म्हणाली, तुझ्या दादाला घेऊन बसते. म्हणजे दादा ऐकणार. चार वर्षांत आम्ही दोघं एक शब्द बोललेलो नाही. तेव्हा हे चांगलं व्हायला पाहिजे, एवढं बघा.

तुमचा,
चादरवाला


७ मार्च

चादरवाल्या,

‘आदरणीय’ काढून टाक. आदरणीय म्हटलं की पुढचं सगळं गोडगोड लिहावं लागतं, आणि तू ते लिहिलंस. चूक नाही, ही काय चांगली गोष्ट झाली? विजेचं बिलही बिनचूक असतं. दांडी मारली नाही, हे माझ्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं आणि तेव्हाही कुणी ऐकत नव्हतं. तब्येतीचं म्हणशील तर गुडघे वयाप्रमाणे आहेत. घरात मी आणि माझी थोरली बहीण. ताई आता मला ओळखत नाही, शेजारीण समजते. पण भली शेजारीण समजते, तेवढ्यावर दिवस निघतो.

आता तुझं. मी पाच वेळा वाचलं, कारण ताईच्या औषधांच्या मधल्या वेळात मला दुसरं काही जमत नाही.

पहिली चांगली गोष्ट, चादरीची घडी. दोघांनी दोन टोकं धरायची, एकमेकांकडे चालत यायचं, कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे आणि परत मागे जायचं. दिवसातून नऊशे वेळा एका माणसाच्या इतक्या जवळ जायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही, कारण बोलायला त्राण नसतं. हे मी कधी वाचलं नव्हतं.

दुसरी चांगली गोष्ट, ते ओरडणं. तू लिहिलंस की करवतीने दादाची बोटं गेली तेव्हा तो जसा ओरडला तसंच तुला अजून ऐकू येतं, रोज, रोलर सुरू होताना. मी आयुष्यभर आवाजच ऐकलेत, म्हणून सांगते, तो मला खरोखर ऐकू आला. का कोण जाणे, मला तो एका फार तरुण माणसाचा वाटला.

आता प्रश्न. तुझ्या पहिल्याच पानावर आहे की रोलर चालू करण्याआधी बटणापाशी उभा असलेला माणूस ओरडतो, ‘हात?’ समोरचा दोन्ही पंजे दाखवून म्हणतो, ‘बाहेर.’ हे ऐकल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, नाहीतर त्याच दिवशी घरी. मग तू चार वर्षं मागे, दादाच्या सुतारखान्यात जातोस. तिथे एवढंच आहे: ‘दादा गोल करवतीच्या पात्यात अडकलेली ढलपी काढत होता आणि मशीन चालू झालं.’

त्या वेळी बटणापाशी कोण होतं?

टेलिफोनबाई


३१ मार्च

बाई,

पत्र मिळालं. लिहायला वेळ नव्हता. इकडे एक रोलर बंद पडला, दोन माणसं काम सोडून गेली आणि त्यांच्या चादरी आमच्या डोक्यावर आल्या.

बटणापाशी कोण होतं याने काय फरक पडतो? लिखाण दादाच्या हातावर आहे. दादाने स्वतः डॉक्टरांना, वहिनीला, गल्लीतल्या झाडून सगळ्यांना सांगितलं की बटणावर माझाच हात होता, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. विषय संपला. तेव्हा कुणी चौकशीला आलं नव्हतं. तुम्ही आता आलात, चार वर्षांनी, फोनवरून.

तुम्हाला गोडगोड नको ना, मग घ्या. तुमच्या लिखाणात माणूसच नाही. एकतीस वर्षं लोक तुमच्या कानात बोलत होते. कुणी भांडलं असेल, कुणी रडलं असेल, कुणी साहेबाच्या बायकोला खोटं सांगितलं असेल. त्यातला एक शब्द नाही. खुर्ची आहे, तारा आहेत, पंखा आहे. पंख्यावर तर पाऊण पान आहे. स्वतः सगळं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याचं झाकण उघडून बघायचं, हे बरं आहे.

चांगली गोष्ट: पंखा. दुसरी सापडली नाही. प्रश्न: तुम्ही काय ऐकलं?

चादरवाला


१८ एप्रिल

बाई,

अठरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. दोन शनिवार वर्गातही तुमचा चौकोन दिसला नाही. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, कळवलेलं नाही.

ते पत्र मी पाळीवरून आल्या आल्या लिहिलं, अंगातली वाफ गेली नव्हती. परत घेतो. सगळं घेतो, पंख्याचं सोडून. पंख्याचं मनापासून होतं. तो एका पात्याने जरा जास्त हेलकावतो आणि तुम्ही दर उन्हाळ्यात ठरवता की यंदा हा पडणार, आणि तो पडत नाही, हे मी खोलीतल्या तिघांना वाचून दाखवलं. एकजण झोपला, पण बाकीचे हसले.

लिहा.

चादरवाला


२६ एप्रिल

चादरवाल्या,

मला राग आला नव्हता असं लिहिलं तर ते पुन्हा गोडगोड होईल. आला होता. पण तो घेऊन बसायला सवड मिळाली नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. एकोणीस दिवस आम्ही दोघी इस्पितळात होतो, ती खाटेवर, मी स्टुलावर. परवा घरी आलो. आता ती खाटेवर आणि मी खुर्चीवर, एवढी प्रगती.

तिथल्या चादरींच्या कोपऱ्यात निळा शिक्का होता. तुमच्याच कारखान्याच्या असतील असं नाही, जगात चादरी धुणारे तुम्हीच थोडे आहात. पण रोज सकाळी आया नवी चादर झटकून उघडायची तेव्हा घड्यांच्या रेघा दिसायच्या, आणि मला वाटायचं, कुणीतरी दोघं एकमेकांकडे चालत आले होते.

मी काय ऐकलं, असं विचारतोस. खूप ऐकलं. कुणाची नोकरी जाणार हे त्याच्याआधी मला कळायचं आणि तो सकाळी हसून नमस्कार करायचा, तो मी घ्यायचे. कुणाचं घर मोडत होतं तेही ऐकलं. एकदा एक गोष्ट अशी ऐकली की मी तार ओढून टाकावी असं वाटलं. ओढली नाही. ते मी लिहिणार नाही, मास्तरांनी सांगितलं तरी नाही आणि तू कितीही टोचलंस तरी नाही. ती बोलणी त्यांची होती, माझ्या कानातून नुसती गेली. म्हणून मग पंखा. लिखाण निर्जीव झालं, हे तुझं बरोबर आहे. मला ते पहिल्यापासून माहीत होतं, कुणीतरी म्हणेल का एवढंच बघत होते. तेव्हा तुझं पत्र परत घेऊ नकोस, माझ्याकडे राहू दे.

पण एक फरक आहे, तो या एकोणीस दिवसांत स्टुलावर बसून मला सुचला. मी गप्प बसते तेव्हा बोलणाऱ्याची अब्रू झाकली जाते. तू गप्प बसतोस तेव्हा कुणाची?

उत्तर मला पाठवलंच पाहिजे असं नाही. मी फार दमलेय.

टेलिफोनबाई


१ मे

बाई,

मीच होतो.

एवढं लिहून परवापासून बसलोय. पुढचं लिहितो.

सुतारखाना दादाचा, मी हाताखाली. वीस वर्षांचा होतो. मला ते काम नको होतं, कुठलंच नको होतं. एका जागी उभं राहिलं की पायात मुंग्या यायच्या. त्या दिवशी एका दाराच्या चौकटीची फळी मी इंचभर कमी कापली. चांगलं लाकूड वाया गेलं. दाराचा मालक तिथेच उभा होता. दादा त्याला म्हणाला, याच्या हातात फूटपट्टी दिली तर ती पण लाजून आखडते. मालक हसला. त्याचा ड्रायव्हर हसला. दादाही हसला. वाईट बोलायचं म्हणून नाही, तो तसाच बोलतो, वहिनीशीही तसाच बोलतो. पण माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मालक गेला. आतून दादा बोलतच होता, फळीबद्दल, माझ्याबद्दल, मी कुठेच टिकत नाही याबद्दल. मी आत आलो. बटण दाराशेजारच्या भिंतीवर होतं, करवत चार पावलांवर. मला करवत चालवायची नव्हती. मला आवाज हवा होता. त्याचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. त्याच्याकडे न बघता मी बटणावर थाप मारली.

तो वाकून ढलपी काढत होता. मला दिसलं नाही हे खरं आहे. मला बघायचं नव्हतं, हेही खरं आहे.

मग तो ओरडला. ते मी लिहिलंय, ते तसंच आहे.

इस्पितळात त्याने सगळ्यांना सांगितलं की बटणावर माझाच हात होता. मी पायाशी उभा होतो. आज बोलू, उद्या बोलू करत बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी इकडची गाडी धरली. तेव्हापासून वहिनीचा फोन येतो, दादा फोनवर येत नाही. कधी वाटतं, त्याला खरंच वाटतं की चूक त्याचीच होती, भोवळ आली होती, नीट आठवत नाही. कधी वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. चार वर्षं मी या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतोय.

इकडे आलो तेव्हा पहिल्या दिवशी मुकादमाने मला बटणापाशी उभं केलं. म्हणाला, ओरड, ‘हात?’ माझ्या तोंडून आवाज फुटेना. त्याला वाटलं मी मुका आहे. महिनाभर तो माझ्याशी खुणांनी बोलत होता.

आता सांगा, तेवीस मेला मी काय वाचू? पहिलं लिखाण वाचलं आणि दादाला सगळं माहीत असेल, तर मी चारचौघांत त्याच्या तोंडावर खोटं बोलतोय. हे वाचलं, तर त्याने चार वर्षं सांभाळलेलं मी चारचौघांत मोडतोय. वहिनीलाही तेव्हाच कळणार. वर्ग सोडून द्यावा असं वाटतंय. मी कुठेच टिकत नाही, तो म्हणतोच.

चादरवाला


५ मे

चादरवाल्या,

सल्ला द्यायचा नाही हा नियम मी आज मोडते. मास्तरांना सांगायचं असेल तर सांग, एकतीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तरी तक्रार असावी.

आमच्या कामात पहिली शिकवण एकच असायची. फोन ज्याचा असेल त्याला आधी जोडायचा. साहेबाचा फोन आधी शिपायाने ऐकला, मग कारकुनाने, मग साहेबाने, असं चालत नाही. तुझं हे लिखाण कुणाचं आहे? मी ऐकलं, ते चुकून. वर्गाने तर नाहीच ऐकायचं. आधी त्याला जोड. कागदावर हाताने लिही आणि टपालाने पाठव, म्हणजे तो हवं तेव्हा थांबेल, हवं तेव्हा पुढे वाचेल. ऐकताना माणसाला थांबता येत नाही.

त्याचं उत्तर येईल की नाही, मला माहीत नाही. आलेले सगळेच फोन उचलले जात नाहीत.

दोन चांगल्या गोष्टी तेवढ्या सांगते. ‘मला बघायचं नव्हतं, हेही खरं आहे’ ही पहिली. दुसरी, तुला मुका समजणारा मुकादम. ताईला वाचून दाखवलं तर ती हसली. तिला कळलं असेल असं नाही, पण हसली. मी तिला दीड महिन्यात हसताना पाहिलं नव्हतं.

टेलिफोनबाई


८ मे

दादास,

मी बारक्या. सोबत चार पानं आहेत. ती वहिनीच्या आधी तू वाच. वाचून झाल्यावर काय करायचं ते तुझ्यावर.

मी इथे एका लिहिण्याच्या वर्गात आहे, वहिनीने सांगितलं असेल. तिथली पद्धत अशी की एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचून दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, एक प्रश्न विचारायचा. सल्ला द्यायचा नाही. तू काही सांगितलंच पाहिजेस असं नाही. पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तेवीस तारखेला तू बसणार होतास. आता नाही बसलास तरी मी समजेन.

अक्षर वाईट आहे, पण तसं ते आधीही वाईटच होतं.

बारक्या


२४ मे

बाई,

काल तुम्ही होतात, तुमचा आवाज ऐकला, तरी लिहितो, कारण तुमच्याकडचं बोलणं मध्येच तुटलं. ताईंनी हाक मारली वाटतं.

पंधरा दिवस झाले, दादाचं उत्तर नाही. काल वर्ग सुरू झाला तेव्हा वहिनीचा चौकोन आला. नाव तिचं, पण आत काळोख. नुसता काळा चौकोन. ना ती, ना दादा. मी म्हटलं, लावून ठेवलाय आणि उठून गेलेत. किंवा तिला कळलंय आणि तोंड दाखवायचं नाहीये.

मी करवतीचं काहीच वाचलं नाही, तुम्ही ऐकलंतच. फक्त रोलर, चादरीची घडी, ‘हात?’ आणि ‘बाहेर.’ तिथे थांबलो. मास्तर म्हणाले, अर्धवट वाटतं, पुढे काय होतं? मी म्हटलं, पुढचं टपालात आहे. लोक हसले, त्यांना वाटलं मी गंमत केली.

तुमचं नवीन लिखाण मात्र मला आवडलं. सगळ्यांचं बोलणं तुम्ही झाकून ठेवलंत, पण प्रत्येकजण बोलण्याआधी श्वास कसा घ्यायचा ते लिहिलंत. वाईट बातमी सांगणारा कसा, पैसे मागणारा कसा, खोटं बोलणारा कसा. नाव एकाचंही नाही आणि माणसं सगळी आहेत. पहिली चांगली गोष्ट ती. दुसरी, पंखा ठेवलात.

प्रश्न: नंबर लावून जो काहीच बोलत नाही, नुसता श्वास घेतो, त्याचं तुम्ही काय करायचात?

आज सुट्टी आहे. झोप येत नाही आणि जागंही राहवत नाही. खालच्या खाटेवरचा म्हणतो, तू कूस बदलतोस तेव्हा माझ्या अंगावर गंज पडतो.

चादरवाला


२५ मे

बारक्या,

तुझं पाकीट तेरा तारखेला आलं. तुझी वहिनी म्हणाली, वाचून दाखवू का? मी म्हटलं, नको, माझ्या नावाने आहे. मला वाचायला तीन दिवस लागले आणि लिहायला त्याहून जास्त लागतायत. तू शाळा सातवीत सोडलीस, मी तुझ्याही आधी सोडली, हे विसरू नकोस.

तुझी पद्धत आहे तसंच करतो.

पहिली चांगली गोष्ट. फळी इंचभर कमी कापलीस हे तू लिहून दिलंस. तेव्हा म्हणत होतास, लाकूडच आखडलं.

दुसरी चांगली गोष्ट. चादरीची घडी. आम्ही दोघांनी करून बघितली. माझ्या डाव्या हातातून कोपरा सुटतो. तुझी वहिनी म्हणाली, धरता येत नाही तर दोन पावलं आणखी पुढे या. ते जमलं.

आता एक चूक आहे. हा सल्ला नाही, चूक आहे ती सांगतो. तू लिहिलंस की मी ओरडलो. मी ओरडलो नाही. मला तर पहिल्यांदा काही कळलंच नाही, थंड वाटलं एवढंच. ओरडलास तू. दारात उभा राहून, बटणाकडे पाठ करून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडत होतास. मी तुला तीनदा सांगितलं, बंद कर. तुला ऐकू जाईना. मग मीच चालत आलो, चार पावलं, तुझ्या खांद्यावरून हात घालून उजव्या हाताने बटण बंद केलं. म्हणून मी लोकांना सांगितलं, बटणावर माझा हात होता. मी खोटं बोललो नाही. कधीची गोष्ट ते कुणी विचारलं नाही.

तेव्हा तुला रोज जे ऐकू येतं ते माझं नाही. ते माझ्या नावावर ठेवू नकोस.

फोनवर का येत नाही ते पण सांगून टाकतो. मला वाटलं, तू गेलास कारण तुला माझा हात बघवत नव्हता. ज्याला बघवत नाही त्याला ऐकवायचं कशाला, म्हणून गप्प राहिलो. बटणाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे, असं मी धरून चाललो. दोन शहाणे. तुझ्या वहिनीला मी परवा सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते. म्हणजे तीन शहाणे.

हात बरा आहे. काम चालू आहे. खिळा ठोकताना हातोडी बोटावर बसते, ते मात्र कमी झालंय, ठेचायला तिथे बोटंच नाहीत. बटण मी काढून करवतीशेजारी लावून घेतलं. आता तिथे उभ्या राहिलेल्या माणसाशिवाय कुणाला ते दाबता येत नाही. हे तेव्हाच करायला हवं होतं आणि ते माझं काम होतं, तुझं नाही. म्हणजे माझी चूक झाकली गेली असं नाही आणि तुझीही झाकली गेली असं नाही. थाप तू मारलीस. पण ती चार पानं तू स्वतःच्या हाताने लिहून पाठवलीस आणि मी ती कपाटात ठेवलीयत, दुकानाच्या कागदांबरोबर नाही, वेगळी.

आणि परवा आम्ही होतो. तुझी वहिनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, तिचा अंगठा कॅमेऱ्यावर. शेवटी बंद करताना तिला कळलं. तेव्हापासून स्वतःला शिव्या देतेय. मी सगळं ऐकलं. तू ‘बाहेर’ म्हणून थांबलास आणि तुझ्या मास्तरला म्हणालास, पुढचं टपालात आहे. लोक हसले, मी नाही हसलो.

आता प्रश्न, एकच.

येत्या रविवारी जेवण झाल्यावर मी फोन घेऊन बसणार आहे. मी उचलल्यावर तू गप्प बसशील, मग मी गप्प बसेन, आपल्याला तेवढंच येतं. त्यापेक्षा तुमच्या तिथल्या पद्धतीने करता येईल का? तू आधी ओरड, ‘हात?’ मी म्हणेन, आहेत तेवढे बाहेर. मग तू चालू कर.

दादा